कोकणातल्या घळी आणि अरुंद गुहा : शिरण्याआधी परतीचा हिशेब

समुद्राकाठच्या कातळात एखादी काळी फट दिसली की घोळक्यातला कुणीतरी वाकून आत डोकावतो, मोबाइलचा टॉर्च लावतो आणि ‘जरा बघून येतो’ म्हणत खांदे तिरके करून शिरतो. बहुतेक वेळा ती फट चार-पाच हातांवर संपते. कोकणच्या कातळात चुनखडीचे जाड थर नाहीत, त्यामुळे मेघालयात आहेत तशा कित्येक किलोमीटर लांबीच्या गुहा इथे तयार झालेल्या नाहीत. वाटा आखूड आहेत, म्हणून लोक बेफिकीर असतात. पण अडकण्यासाठी वाट लांब असावी लागत नाही, आपल्या उंचीएवढी असली तरी पुरते.

माझं मत आधीच सांगून टाकतो : झोपून सरकावं लागेल अशा दहा जागांपैकी नऊ ठिकाणी जाऊ नये. पलीकडे पाहण्यासारखं बहुधा काहीच नसतं. तरीही लोक जातात, अभ्यासासाठी काहींना जावंच लागतं आणि कधीकधी दुसऱ्या कुणाला काढायला जाण्याची वेळ येते. म्हणून हे सविस्तर.

एक गोष्ट मनात पक्की हवी. आत जाणं आणि बाहेर येणं हे एकाच कामाचे दोन भाग नाहीत, ती दोन वेगळी कामं आहेत. पुढे सरकताना पायाची बोटं कातळाला रोवून अंग ढकलता येतं. मागे येताना बोटांचा उपयोग संपतो आणि सगळा भार कोपरांवर येतो. पुढे जाताना सदरा अंगाला चिकटून राहतो, मागे येताना तोच गोळा होऊन बगलेत अडकतो. पॅंटचा पट्टा, खिशातली किल्ली, मोबाइलचा कोपरा या सगळ्या गोष्टी उलट्या दिशेनं कातळात रुततात. त्यातच वाट उताराची असली, तर जाताना मदत करणारं वजन येताना विरोधात उभं राहतं.

आधी कातळ ओळखा

किनाऱ्यावर साधारण तीन तऱ्हेच्या जागा भेटतात आणि तिघींचे धोके निराळे आहेत.

पहिली जांभ्यातली. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, वर टणक जांभ्याचा थर असतो आणि त्याच्या खाली मऊ, पांढरट-तांबूस माती. चिरेखाणीत काम केलेल्यांना हे ठाऊक असतं : चिरा खाणीतून निघतो तेव्हा तुलनेनं मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपत खाली जातं, खालची माती हळूहळू धुऊन नेतं आणि टणक छपराखाली पोकळी उरते. अशी गुहा वरून भक्कम दिसते, पण तिची जमीन आणि भिंतींचा खालचा भाग मातीचा असतो. जिथे सडा थेट समुद्रात उतरतो, तिथे हेच काम लाटा करतात.

जांभ्याला सरळ थर नसतात. त्यामुळे छपराचा कुठला तुकडा सुटेल याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. पण काही खुणा बघता येतात. जमिनीवर पडलेल्या दगडाचा रंग भिंतीपेक्षा ताजा, भडक लाल असेल, तर तो अलीकडेच पडला आहे. छपरातून झाडाची मुळं लोंबत असतील तर तिथे भेगा आहेत. पाऊस संपून महिना झाला तरी ठिबक चालू असेल, तर वरचं छप्पर अजून पाण्यानं जड आहे. यांतलं एकही दिसलं तर तोंडाशीच थांबा. आणि जांभा खरखरीत असतो, कातडी आणि कपडा दोन्ही धरून ठेवतो, हे अरुंद जागेत फार महागात पडतं.

दुसरी काळ्या कातळातली, म्हणजे घळ. बेसॉल्टमधल्या उभ्या भेगेत लाटांनी कोरत नेलेली ही चीर. गुहागर तालुक्यात हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ बघितली असेल, तर घळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. भरतीच्या वेळी पाणी त्या चिंचोळ्या चिरेत घुसतं आणि पुढे जागा न उरल्यामुळे फवारा होऊन वर उसळतं. तो फवारा बघायला लोक काठावर गर्दी करतात. पण तेच पाणी घळीच्या आत असलेल्या माणसाचं काय करील, याचा विचार त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही. घळ बहुधा खाली निमुळती होत जाते. वर खांदे मोकळे असतात, म्हणून माणूस पाय खाली सोडतो आणि स्वतःच्याच वजनानं घट्ट बसत जातो. लाटांनी घोटलेल्या भिंतींवर हात धरायला खाच सापडत नाही.

तिसरी किल्ल्यांमधली भुयारं. समुद्राखालून पलीकडच्या गावात निघणाऱ्या भुयाराची गोष्ट कोकणातल्या बहुतेक किल्ल्यांना चिकटलेली आहे. गोष्ट गोष्ट म्हणून ऐकावी. प्रत्यक्षात ही जागा म्हणजे बांधकामातली सुटलेली चिऱ्यांची कमान, एकच तोंड, कोंडलेली हवा आणि वटवाघळं. त्यात किल्ला संरक्षित स्मारक असेल तर बंद केलेलं भुयार उकरणं हा गुन्हाही ठरतो. इथे मी पर्यायच देत नाही, जाऊ नका. ज्याला दगडाच्या पोटात शिरायची हौसच आहे, त्यानं दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजीला जावं. नदीकाठी 29 लेणी आहेत, ताठ मानेनं बघता येतात.

भरतीचं गणित

समुद्राकाठच्या घळीत दगडाइतकाच घड्याळाचाही धोका असतो. त्यामुळे हा भाग वाचताना घाई करू नका.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. त्यापुढे सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ, ज्याला सुकती म्हणतात. हा अंदाज आहे, ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. नेमकी वेळ सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकांत किंवा भरतीच्या अ‍ॅपवर जवळच्या बंदरासाठी बघावी. पण पाऊणपटीचा हिशेब तोंडपाठ असावा. घळीच्या तोंडाशी नेमकं नेटवर्क नसतं.

आता यातली मेख बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं. एरवी बुडालेल्या फटी उघड्या पडतात आणि लोकांना मोह होतो. पण त्या दिवशी सुकती येते पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. संध्याकाळी आत गेलात तर उजेड जाणं आणि पाणी येणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. अष्टमीच्या आसपास सुकती भर दुपारी येते, पण तेव्हा भांग असतो, पाणी पुरतं उतरतच नाही. कोरडी वाटलेली जमीन पहिल्या मोठ्या लाटेला ओली होते.

मग बघायचं कधी? कुठल्याही पक्षातली द्वितीया ते चतुर्थी, सकाळी. उधाणाचा जोर या दिवसांत टिकून असतो, सुकती साधारण पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते आणि पुढे अख्खा दिवस हाताशी असतो. तळ यायच्या तास-दीड तास आधी आत जा आणि तळाच्या वेळेला बाहेर या. ‘आता पाणी सर्वांत खाली आहे, चला आत’ हे उलटं गणित आहे. तळानंतरचा प्रत्येक मिनिट चढत्या पाण्याचा असतो.

आणि पाणी सारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. दक्षिण कोकणात उधाणाचा फरक दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईकडे चार मीटरच्या वर जातो. दोन मीटर धरले तरी तिसऱ्या तासात अर्धा मीटर पाणी चढतं. तुम्ही छातीवर सरकत असाल, तर तुमचं नाक जमिनीपासून वीतभरच वर असतं.

पाणी कुठवर येतं हे गुहाच सांगते. भिंतीवर कालवं आणि शिंपल्यांचे थर जिथवर आहेत तिथवर ते रोज येतं. शेवाळाची रेघ त्याच्या जराशी वर. त्याहून खात्रीची खूण म्हणजे छपराच्या खाचेत अडकलेली चप्पल, थर्माकोलचा तुकडा, जाळ्याची नायलॉनची दोरी. तिथवर लाट पोचली होती, हे त्यावरून नक्की. अशा जागेत छपरापर्यंत पाणी भरतं, वर हवा उरत नाही.

लाटांचं पुन्हा वेगळं. तोंडाशी बसून किमान वीस मिनिटं समुद्र बघा. लाटा सारख्या नसतात. बराच वेळ बारक्या येतात आणि मग दोन-तीन मोठ्या लागोपाठ. त्या मोठ्या लाटेचं पाणी कुठवर पोचलं ते बघून ठरवा. एप्रिल-मेमध्ये तर इथे वारा पडलेला असतानाही दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा किनाऱ्याला येऊन धडकतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्याचे इशारे देते, ते आदल्या रात्री वाचावेत.

गावातल्या माणसाला विचारण्याचीही एक रीत आहे. ‘काका, आत जाता येतं का?’ असं विचारलंत, तर पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून हो म्हणतील, नाहीतर एखादी गोष्ट सांगतील. त्याऐवजी ‘काका, उधाणाला पाणी कुठवर चढतं?’ असं विचारा. रापण ओढणारा किंवा कालवं काढणारा माणूस बोट दाखवून नेमकी जागा सांगेल. आणि कुणी सरळच ‘थंय जाव नको’ म्हणालं, तर वाद घालत बसू नका.

पावसाळ्याचं एका ओळीत : जून ते सप्टेंबर कुठलीही गुहा नाही, ऑक्टोबरमध्ये जांभ्याची नाही. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 23 जून 2018 ला 12 मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक आत गेले तेव्हा वाट मोकळी होती. मागाहून पावसाच्या पाण्यानं ती बुजली आणि सगळे बाहेर यायला 10 जुलै उजाडला. पाणी उपसण्याच्या कामी सल्ला द्यायला आपल्याकडच्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं तिथे गेली होती. जगभरातून मदत येऊनही एका पाणबुड्याचा जीव गेला.

हवा

विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस कोसळतो, त्याला बघायला दुसरा उतरतो, मग तिसरा. दर उन्हाळ्यात अशी बातमी कुठून ना कुठून येतेच. एकाच तोंडाच्या, खाली उतरणाऱ्या गुहेतही हेच होऊ शकतं. पालापाचोळा, वटवाघळांची विष्ठा आणि माणसांचे श्वास यांतून कार्बन डायऑक्साइड साचतो आणि वारा फिरत नसेल तर खोलगट जागेत तसाच राहतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे 0.04 टक्के असतो. 3 टक्क्यांना श्वास खोल होतो, 5 टक्क्यांना धाप आणि डोकेदुखी सुरू होते, 10 टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध हरपते.

इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या पीक कॅव्हर्नमध्ये 1959 साली ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी अरुंद उभ्या विवरात उतरला आणि पाचरीसारखा बसला. दोर सोडले, ते तुटले. त्याचा स्वतःचाच सोडलेला श्वास त्या खड्ड्यात साचत गेला, तो बेशुद्ध झाला आणि पुन्हा शुद्धीवर आला नाही. आवळलेलं शरीर वाट बुजवतं आणि वाट बुजली की हवेची ये-जा थांबते, हे त्या घटनेतून शिकायचं.

कंदील किंवा लायटर नेऊन बघण्याची जुनी युक्ती अपुरी आहे. ज्योत ऑक्सिजन बराच कमी झाल्यावर विझते, तोवर हवा आधीच बिघडलेली असते. विषारी वायूंबद्दल तर ज्योत काहीच सांगत नाही. त्यापेक्षा अंगाकडे लक्ष द्या. श्रम न करता धाप लागली, कपाळ ठणकायला लागलं, उगाच चिडचिड होऊ लागली, तर कारण शोधत बसू नका, मागे फिरा. आत चूल, मेणबत्ती, धूर, फटाका काहीही नको आणि गुहेच्या तोंडाशी जनरेटर तर अजिबात नको.

आधीच राहायला आलेले

सरपटताना तोंड आणि हात नेमके फुरशाच्या उंचीवर असतात. सड्यावरच्या दगडांखाली आणि कपारीत फुरसं असणं कोकणात नवलाचं नाही. हातभर लांबीचं, मातकट रंगाचं जनावर, वेटोळं घालून खवले घासत करकर आवाज करतं. तो आवाज ऐकू आला तर हात मागे घ्या, अंग हलवू नका, कुठून येतो ते आधी बघा. हात ठेवायच्या प्रत्येक जागी आधी उजेड आणि काठी, मग हात. चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका, हात स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते.

लाल विंचवाचा दंश हलका समजू नये. खूप घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि त्यानं कोकणातले कितीतरी जीव वाचले. पण ते औषध वेळेत मिळायला दवाखाना गाठावा लागतो. तोंडाशी आग्या मोहोळ असेल तर अत्तर-डिओ फासून गेलेल्या मंडळींनी लांबूनच परतावं. साळिंदराचे काटे, ताजी हाडं किंवा उग्र वास असेल तर ते कुणाचं तरी घर आहे. घरमालक आत असताना त्याच्या एकुलत्या दारात आपण झोपून सरकायचं नसतं.

निरोप, माणसं, सामान

किमान चौघं. एकाला काही झालं तर एक जण त्याच्याजवळ थांबतो, दोघं मदतीला जातात. निघताना बाहेरच्या एका जबाबदार माणसाला ठिकाण, आत जाणाऱ्यांची नावं आणि वेळ लिहून द्या : ‘अकरापर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचं.’ ‘उशीर झाला तर बघ’ हा निरोप नव्हे. आणि ठरल्या वेळी बाहेर आलात की फोन करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी मनावर घेणार नाही.

लहान मुलाला किंवा गटातल्या सर्वांत किडकिडीत माणसाला ‘तू जाऊन बघ’ म्हणून पुढे पाठवण्याची फार वाईट खोड आपल्याकडे आहे. तो जिथे अडकेल तिथे त्याला काढणारा पोचणारच नाही. वाट किती अरुंद चालेल हे गटातल्या सर्वांत रुंद माणसावरून ठरवायचं.

माणशी तीन विजेऱ्या, त्यातली एक डोक्यावरची. मोबाइल त्यांत धरायचा नाही. हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा अंगासरशी सदरा (सुती नको, ओला झाला की जड होतो आणि चिकटतो), हातमोजे, बंद बूट, एन-95 मास्क, पाणी आणि ओआरएसची पाकिटं. पट्टा, घड्याळ, अंगठ्या, गळ्यातलं बाहेर काढून ठेवा. पिशवी पाठीवर नको. वीत-दोन विती दोरीनं पायाला बांधून मागून ओढायची.

हे सगळं जमवण्याआधी घरी एक परीक्षा घ्या. दिवाणाखाली पालथे शिरा, पूर्ण आत जा आणि पाय न वापरता, नुसत्या कोपरांवर मागे बाहेर या. घरच्यांना हसू द्या. ज्याची तिथेच छाती धडधडते, त्यानं गुहेत तोंडाशी बसून सामान सांभाळावं. तेही काम कुणीतरी करायलाच हवं असतं.

सरकताना

1. एका वेळी एकच माणूस अरुंद भागात. मागचा रुंद जागेत थांबतो, दोघांत आवाज पोचेल एवढंच अंतर. पुढचा ‘मोकळा’ म्हणेपर्यंत मागच्यानं हलायचं नाही.

2. एक हात पुढे, एक अंगालगत मागे. खांदे तिरके झाले की रुंदी कमी होते. दोन्ही हात पुढे घेतले तर खांदे कानांशी येऊन अडकतात, दोन्ही मागे ठेवले तर ओढायला काहीच उरत नाही.

3. उतार असेल तर पाय पुढे. नेहमी. डोकं पुढे करून उतारावर जाण्याला कुठलाही अपवाद मी मानत नाही.

4. दर दोन-तीन हातांवर थांबून तेवढंच अंतर मागे येऊन बघा. जमलं तरच पुढे. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

5. हेल्मेट जात नाही म्हणून ते काढून डोकं घालायचं नाही. डोकं जातं, पण छातीचा पिंजरा आणि कमरेचं हाड दबत नाही.

6. श्वास पूर्ण सोडल्याशिवाय पुढे सरकता येत नसेल तर तीच हद्द. पलीकडे गेल्यावर श्वास घ्यावाच लागतो आणि छाती फुगली की तुम्ही जागच्या जागी आवळले जाता.

तिसरा आणि सहावा मुद्दा का, ते अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नटी पुटी गुहेनं दाखवून दिलं. 24 नोव्हेंबर 2009 ला 26 वर्षांचा एक वैद्यकीय विद्यार्थी ओळखीची वाट समजून भलत्याच चिरेत डोकं पुढे करून उतरला. जागा साधारण 25 बाय 45 सेंटिमीटरची. खाली डोकं, वर पाय. शंभराहून जास्त बचावकर्ते आले, कप्प्या लावून त्याला ओढायला सुरुवात झाली, आणि भिंतीत ठोकलेला एक आधारच निसटला. सुमारे 27 तासांनी तो गेला. मृतदेहही काढता आला नाही, गुहा कायमची बुजवली. उलटं लटकलेल्या माणसाच्या फुप्फुसांवर पोटातल्या अवयवांचा भार येतो, डोक्याकडे साचलेलं रक्त फिरवताना हृदय थकतं. तरणंताठं शरीरही अशा अवस्थेत फार काळ टिकत नाही.

अडकलात तर

पहिलं काम : काहीच करू नका. धडपडीत स्नायू फुगतात, श्वास जोरात होतो, छाती मोठी होते आणि पकड घट्ट होते. सावकाश श्वास सोडा, पोटानं घ्या. मागच्याला हाक मारा : ‘अडकलोय, बरा आहे, ओढू नका.’

मग नेमकं काय अडकलंय ते शोधा. बहुतेक वेळा कपडा किंवा खिशातली वस्तू असते, शरीर नव्हे. हात पोचत असेल तर सदरा सरळ करा, नसेल तर मागच्याला सांगून कात्रीनं कापून घ्या. शेवटच्या तीन हालचाली आठवा आणि उलट्या क्रमानं करा : खांदा डावीकडे झुकवून आला असाल तर तसाच झुकवून परता. श्वास सोडायचा, बोटभर मागे, थांबायचं, श्वास घ्यायचा. बोटभर सरकलात तरी तो फायदाच आहे. दर काही मिनिटांनी अंग पूर्ण सैल सोडून विसावा घ्या.

पाणी चढत असेल तर हिशेब बदलतो. वाट मोकळी आहे आणि लाटा छातीखाली आहेत, तोवर बाहेरच निघा. तोंडाशी लाटा आपटायला लागल्या असतील, तर त्यांतून पोहून जाण्याचं धाडस करू नका, कातळावर डोकं आपटून माणूस जातो. कालवांच्या आणि शेवाळाच्या रेघेच्या वर कोरडी धूळ असलेला कट्टा मिळाला तर तिथे चढून पुढच्या ओहोटीची वाट बघा. सहा-आठ तास कंटाळवाणे आणि गार जातील, पण जातील.

बाहेरच्यांसाठी

अडकलेल्याच्या पायाला दोर बांधून सगळ्यांनी मिळून ओढणं ही सर्वांत पहिली सुचणारी आणि सर्वांत वाईट कल्पना. सांधे निखळतात आणि माणूस आणखी फिरून बसतो. त्याच्याशी सतत बोलायला एकच माणूस ठेवा, शांत आवाजाचा. दहा जण दहा सूचना ओरडले की आतला घाबरतो. बारीक नळीनं पाणी, साखर किंवा ओआरएस पोचवता येतं. डोकं खाली असेल तर बाकी सगळं सोडून आधी डोक्याखाली काही सरकवून ते जितकं वर उचलता येईल तितकं उचला.

चिंचोळ्या भागात एका वेळी एकच मदतनीस, आणि तोही पाळीपाळीनं, कारण तोही तीच हवा वापरतोय. आतला बोलायचा बंद झाला असेल तर धावत आत जाऊ नका. विहिरीतला दुसरा-तिसरा माणूस असाच जातो.

दगडाखाली हात किंवा पाय दबून तासाभराहून जास्त झाला असेल, तर डॉक्टर येण्याआधी दगड उचलू नका. चेमटलेल्या स्नायूंत साचलेली द्रव्यं एकदम रक्तात सुटली की हृदय बंद पडू शकतं. अमेरिकेतल्याच केंटकी राज्यात 1925 साली फ्लॉइड कॉलिन्स हा गुहा शोधणारा असाच एका दगडाखाली पाय अडकून पडला. दगड काही फार मोठा नव्हता, पण तिथवर कुणाचा हात पोचत नव्हता. मग मधली वाट ढासळली. बाजूनं विवर खणून लोक पोचले तेव्हा तो गेलेला होता.

फोन कुणाला? 112, रुग्णवाहिकेसाठी 108, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, समुद्राकडून पोचावं लागणार असेल तर तटरक्षक दल 1554. डोंगरातल्या बचावाचा सराव असलेले गट महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरमार्फत येतात. सांगताना गाव, जवळचं देऊळ किंवा बंदर, आत किती जण, डोकं वर की खाली, बोलतोय का, आणि पुढची भरती किती वाजता, एवढं सांगा. भरतीची वेळ सांगायला लोक हमखास विसरतात. एनडीआरएफची तुकडी पुण्याहून घाट उतरून यायला कित्येक तास जातात, त्यामुळे ‘आधी आपण प्रयत्न करू, मग कळवू’ हे चालणार नाही. फोन आधी करा. माणूस स्वतःहून सुटला तर पुन्हा फोन करून सांगता येतं.

बाहेर आल्यावर

हातपाय साबणानं धुवा, कपडे वेगळे टाका. वटवाघूळ चावलं किंवा ओरखडलं असेल, अगदी बारीकसं, तरी जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या, 2020 मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. त्यामुळे घाबरून वटवाघळं मारायची नाहीत, त्यांच्या जागेत नाक उघडं ठेवून सरपटायचं नाही.

विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीचा आजारही होतो. ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं अशी लक्षणं साधारण तीन दिवस ते अडीच आठवड्यांत दिसतात आणि एक्स-रेमध्ये ते क्षयरोगासारखं वाटू शकतं. तसं झालं तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा की अमुक तारखेला वटवाघळांच्या गुहेत गेलो होतो. गेलेल्या बाकीच्यांनाही फोन करून विचारा, त्यांच्यापैकी कुणाला ताप आहे का.